उंबऱ्यावरचा चिखल

"भाऊसाहेब, तो दुपारी येईल. चपला वर ठेवा."

खोली भाड्यानं घेतली त्या दिवशी घरमालकांनी मला सांगितलेलं हे पहिलं वाक्य. मी ग्रामसेवक. आमच्या नोकरीत माणसाला स्वतःचं नाव उरत नाही, ज्या गावात जाल तिथं तुम्ही भाऊसाहेब. माझं गाव तळा तालुक्यातलं, डोंगरातलं. तिथं पाणी वरून येतं आणि खालच्या अंगाला निघून जातं, यापलीकडं पाण्याचे स्वभाव मला माहीत नव्हते. बदली झाली ती अलिबागच्या बाजूला, खाडीच्या तोंडाशी वसलेल्या एका आगरी गावात. चपला वर ठेवायला सांगतात म्हणजे कुणीतरी तापट पाहुणा येणार असावा, असा मी अंदाज बांधला.

"कोण येणार आहे?"

"तो. दुसरं कोन?"

"जेवायला थांबणार का?"

"थांबतोय कसला! येतो, अंगनभर फिरतो आनि जातो."

मी अंघोळ करून, बरा शर्ट घालून बसलो. गावातल्या तापट माणसांशी ग्रामसेवकाला पहिल्या दिवसापासून जुळवून घ्यावं लागतं. दुपार झाली तरी कुणी आलं नाही. मग अंगणात पाणी चमकलं. आधी तुळशीपर्यंत, मग पायरीपर्यंत, आणि माझ्या डोळ्यांदेखत माझ्या डाव्या पायाची चप्पल पायरीवरून निघाली आणि फाटकातून सावकाश बाहेर पडली. मी ओरडलो. घरमालक ओटीवर पाय वर घेऊन बसले होते. त्यांनी जाणाऱ्या चपलेकडं शांतपणे पाहिलं.

"एकच नेली ना? मंग परत येईल. दुसरी न्यायला."

'तो' म्हणजे समुद्र. पूर्वीच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तसे हे घरमालक समुद्राचं नाव घेत नसत. तो आला, तो गेला, तो आज फुगलाय, त्याला कुनीतरी डिवचलाय. सकाळी मी तोंड धुवायला बाहेर आलो की त्याची तब्येत मला आधी कळायची, मग माझी विचारपूस व्हायची. गावात यांना सगळे नाना म्हणत. खरं नाव मी इथं लिहीत नाही. लिहिलं तर हा कागद ते वाचून दाखवायला लावतील आणि प्रत्येक वाक्याला हरकत घेतील.

हे गाव मुळात बसलंय तेच खोलगट जागी. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भातशेती, घरं, शाळा, पंचायत, आणि दोन्हींच्या मध्ये पूर्वजांनी घातलेला मातीचा लांबलचक बांध. भरतीच्या वेळी बांधावर उभं राहिलं की खाडीचं पाणी उजव्या हाताला आणि गावची कौलं डाव्या हाताला दिसायची, आणि पाणी जरा जास्तच वर आहे हे माझ्यासारख्या डोंगरातल्या माणसाच्याही ध्यानात यायचं. पौर्णिमा-अमावास्येला उधाण आलं की ते जुन्या बांधातून कुठून ना कुठून झिरपून खालच्या आळीत शिरायचं. नानांचं घर खालच्या आळीतलं पहिलं. त्यामुळं समुद्र पहिला त्यांच्याकडं यायचा, आणि या गोष्टीचा त्यांना चक्क अभिमान होता.

त्यांचा दुसरा शत्रू खेकडा. खेकडे मातीच्या बांधाला बिळं पाडतात, त्या बिळांतून पाणी वाट काढतं आणि एक दिवस बांध बसतो. म्हणून नाना रोज संध्याकाळी हातात लोखंडी सळई आणि खांद्यावर टोपली घेऊन बांधावर जायचे. बीळ दिसलं की सळई घालायची, आतल्या रहिवाशाला बाहेर काढायचं, त्याच्या खानदानाचा उद्धार करायचा आणि बिळात चिकणमाती ठासून भरायची. रहिवासी टोपलीत. रात्री त्याचं कालवण. मी एकदा बोलून गेलो की नाना, तुम्हाला खेकडे फार आवडतात. ते घास हातात धरूनच थांबले.

"आवडतात? भाऊसाहेब, ही भाजी न्हाय. ही बांधाची दुरुस्ती हाय."

आतून काकींचा आवाज आला. काकी म्हणजे नानांची बायको. नानांच्या बोलण्यावर शेवटचा शब्द त्यांचा असायचा, आणि तो बहुतेक वेळा स्वयंपाकघरातून यायचा.

"सरकारला सांगा, दुरुस्तीचं वाटन पन धाडा. माजे हात भरून आलंत वाटून वाटून."

पण नानांचा जीव अडकला होता तो डब्यात. बांधाच्या टोकाला एक करंजाचं झाड होतं आणि त्याला गोडेतेलाचा रिकामा पत्र्याचा डबा तारेनं टांगलेला होता. शेजारी खुंटीला एक दांडकं. मला वाटलं शेतातले पक्षी हाकलायला असेल. नाना माझ्या अज्ञानावर चांगलेच तापले आणि मग त्यांनी मला डब्याचा कायदा सांगितला.

बांधाला भगदाड पडलं की त्याला तिकडं खांड म्हणतात. खांड पडली की ज्याला ती आधी दिसेल त्यानं धावत जाऊन डबा वाजवायचा. डबा वाजला की घरटी एक माणूस आपलं फावडं आणि आपली टोपली घेऊन बांधावर हजर झाला पाहिजे. कुणाची शेती किती, कुणाचं कुणाशी वाकडं, हे काही तिथं चालायचं नाही. आणि ज्या घरातून कुणी आलं नाही, त्या घराच्या उंबऱ्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी गावानं जाऊन टोपलीभर चिखल ओतायचा. तो चिखल दिवेलागणीपर्यंत धुवायचा नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यानं बघायचा. दंड नाही, वाळीत टाकणं नाही, एवढीच शिक्षा.

"आनि लय झाली," नाना म्हणाले. "आमच्या उंबऱ्याला तो चिखल ठाव न्हाय. माज्या बापाच्या येलेला न्हाय, माज्या येलेला न्हाय."

हे सांगताना त्यांनी उंबऱ्यावरून असा हात फिरवला की मी पुढं कितीतरी दिवस त्या उंबऱ्यावर पाय न देता लांब टांग टाकून आत जात होतो. माझ्या खोलीचं दार त्यांच्या ओटीवरच उघडायचं, त्यामुळं मलाही तोच उंबरा ओलांडावा लागे.

अर्थात मी गेलो तेव्हा हा कायदा झोपी गेला होता. खांड पडली की जेसीबी यायचा. पोरं नवी मुंबईला कामाला, कुणाच्या गाड्या कंपनीत भाड्यानं लागलेल्या, कुणाचा टेम्पो. डबा नुसता टांगलेला. नाना मात्र दर नारळी पौर्णिमेला त्याला रंग द्यायचे. गाव समुद्राला नारळ द्यायला जाई, तेव्हा हे करंजाखाली ब्रश घेऊन उभे. एक नारळ ते डब्यापुढंही फोडायचे आणि खोबरं वाटताना सांगायचे, "त्याला तुमी दिलाव. याला कोन देनार?"

अशात एक दिवस बातमी आली की जुना मातीचा बांध काढून तिथं दगड-काँक्रीटचा नवा, उंच बंधारा होणार. अर्जावर सगळ्या गावाच्या सह्या होत्या, नानांची तर पहिली. खालच्या आळीत पेढे वाटले गेले. सरपंचानं तर माझ्या टेबलावर अख्खा बॉक्सच ठेवला. सरपंच माझ्याच वयाचा, दोन डंपरांचा मालक, बोलायला फटकळ पण कामाला वाघ. नानांचं आणि त्याचं फारसं जमत नसे. हा लहान असताना याचा बाप एकदा डबा वाजूनही आला नव्हता, आणि दुसऱ्या दिवशी याच्या उंबऱ्यावर चिखल ओतणारे हात नानांचे होते. बाप जाऊन बरीच वर्षं झाली, तरी सरपंच नानांशी बोलताना एकदा तरी स्वतःच्या बुटांकडं बघायचा.

काम सुरू झालं आणि नानांना बांधकामशास्त्राचा झटका आला. खात्याचे इंजिनियर घाटावरचे, तरुण, अतिशय सज्जन गृहस्थ. नाना रोज सकाळी त्यांच्यासाठी नारळपाणी घेऊन जायचे आणि त्या बदल्यात त्यांचं डोकं खायचे. नुसता दगड नको, मधे माती घाला, दगड दगडाशी भांडतो. पाया या कोपऱ्यात पूर्वेला वळवा, तो तिथून खांदा मारतो. साहेब सगळं ऐकून घ्यायचे, नारळपाणी प्यायचे आणि आपल्या नकाशाप्रमाणं काम करायचे. ते बरोबर होते, हे आता नानासुद्धा मान्य करतात, पण तोंड फिरवून.

बंधारा पुरा झाला. नानांनी गावात जाहीर केलं की पहिल्याच मोठ्या उधाणाला ही भिंत आडवी होणार. कुठं फुटणार ती जागाही त्यांनी चुन्यानं फुली मारून दाखवली. अमावास्येला दुपारी भरतीच्या वेळी अर्धं गाव तिथं जमलं. नाना घरून खुर्ची घेऊन आले होते. शेजारी सळई, फावडं, टोपली. इंजिनियर साहेबही छत्री घेऊन आले, त्यांना कुणीतरी निमंत्रण दिलं होतं. पाणी चढलं. लाटा फुलीवर येऊन आपटल्या, वर उडाल्या, साहेबांची छत्री भिजली. भिंत हलली नाही. पाणी तासभर धडका देऊन मुकाट्यानं उतरायला लागलं. माझ्या चपला अंगणात पायरीवर होत्या तशाच, कोरड्या ठणठणीत.

"नाना, चहा घेऊ या?" साहेबांनी हळूच विचारलं.

"घ्या तुमी. तो आज मनापासून आला न्हाय."

लोक हसत हसत पांगले. सरपंचानं हसताना जरा जास्तच वेळ लावला. मी आणि नाना मागं राहिलो. ते उठले, फुली मारली होती तिथं भिंतीवर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले, म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा.

"बरी हाय," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू, बरी हाय. पन भाऊसाहेब, आमचा बांध फुटला का आमाला हाक मारायचा. ही कुनाला बोलवनार न्हाय. वरसानुवरसं उभी र्‍हाईल, आनि जवा खरी गरज लागंल तवा कुनी कुनाला वलखनार न्हाय."

ही शंका त्यांनी साहेबांनाही सांगितली. साहेब हसले नाहीत. म्हणाले, भिंतीची काळजी सोडा, लक्ष ठेवायचं ते उघाडीवर. आतलं पावसाचं पाणी खाडीत जावं म्हणून बांधाला जे दार ठेवतात ती उघाडी. तिला लोखंडी झडप असते. ओहोटीला ती आपोआप उघडते, भरतीला पाण्याच्या दाबानं आपोआप मिटते. मध्ये काही अडकलं तर मात्र मिटत नाही. "तेवढं बघायला माणसं लागतील, नाना." नानांनी एवढं एक वाक्य उचललं आणि बाकीची सगळी सोडून दिली.

आणि मग तालमी सुरू झाल्या.

पहिली तालीम झाली ती गावातल्या एका हळदीच्या दिवशी. इकडं आगऱ्यांची हळद म्हणजे काय असते हे सांगायला नको, डीजेचा आवाज मांडव्याच्या बंदरापर्यंत जातो. भर दुपारी, नवरा पिवळा होऊन बसलेला, आणि अचानक डीजेच्या वरताण डबा वाजायला लागला. म्हातारी माणसं आधी उठली. त्यांच्या मागं तरणी. कुणी फावडं, कुणी कुदळ, कुणी हळदीची परातच घेऊन धावला. बंधाऱ्यावर जाऊन बघतात तो ओहोटी, चिखलात बगळे फिरताहेत, आणि करंजाखाली नाना समाधानानं सगळ्यांकडं बघताहेत.

"बरं झालं, आलाव. जा आता, हलद करा."

"खांड कुठं हाय?"

"खांड न्हाय. तुमी येताव का बघत होतो."

त्या दिवशी नानांना ज्या शिव्या बसल्या त्यातल्या निम्म्या मला नवीन होत्या. नवऱ्यामुलानंही दोन दिल्या, तोही पिवळ्या अंगानं तिथवर धावत आला होता. नाना प्रत्येक शिवी देणाऱ्याकडं नीट पाहून मान डोलवत होते. घरी आल्यावर मी म्हटलं, नाना, लोक फार चिडले. ते म्हणाले, "चिडू दे. आलं का न्हाय?"

पुढं हे वाढत गेलं. क्रिकेटच्या सामन्यात शेवटचं षटक चालू असताना डबा. आमदार येणार म्हणून गाव इस्त्री करून उभं, तेव्हा डबा. एकदा तर नुसतं पावसानं झाकोळलंय म्हणून डबा. तरी लोक यायचे. खरं सांगतो, मला याचं नवल वाटायचं. एक-दोनदा फसल्यावर माणूस दार लावून झोपतो. पण नानांना समोर उभं करून शिव्या देणं ही हळूहळू त्या गावाची करमणूक झाली. जो तो नवीन शिवी तयार करून न्यायचा. कुणी बाहेरगावी असला तर परत आल्यावर विचारायचा, मी नसताना नानानं वाजवला का रं? टोपल्या-फावडी मात्र न चुकता हातात असायची, कारण न जाणो. पंचायतीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी टाकलेली पाणीपट्टीची सूचना कुणी उघडून बघत नसे, पण डबा वाजला की गाव बाहेर.

शेवटी सरपंचाचा डंपर खडी घेऊन निघालेला असताना ड्रायव्हर तो रस्त्यात तसाच सोडून बंधाऱ्यावर धावला, आणि ग्रामसभेत विषय आला. सरपंच उभा राहिला, बुटांकडं बघितलं आणि म्हणाला, "नाना, तुमचं वय झालं म्हनून गप बसलो. विनाकारन डबा वाजवायचा न्हाय."

"विनाकारन कुनी वाजवला? कारन हाय."

"काय कारन?"

"तुमी येताव का, ते बघायचं."

"आमी आलो ना? मंग झालं ना बघून?"

"आज आलाव," नाना म्हणाले. "मी मेल्यावर कोन बघनार?"

पण सरपंचानं हात वर करायला सांगितले आणि हात वर झाले. विनाकारण डबा वाजवण्यास मनाई, डबा पंचायतीच्या ताब्यात. ठराव लिहिणारा मी. नाना जिथं राहायचे त्या घरात मला रात्री जेवायचं होतं, त्यामुळं तो मी शक्य तितक्या बारीक अक्षरात लिहिला. पण काकींनी त्या दिवशी खीर केली होती. "आमचा कान सुटला," म्हणाल्या. नानांनी खीर खाल्ली नाही.

डबा माझ्या खुर्चीमागं कपाटावर येऊन बसला. नाना काही ना काही दाखल्याचं निमित्त करून यायचे, बाकावर बसायचे आणि माझ्या डोक्यावरून डब्याकडं बघत राहायचे. कोणता दाखला हवा हे विचारलं तर सांगता यायचं नाही. एकदा स्वतःच्या हयातीचा दाखला मागितला. मी म्हटलं, तुम्ही समोर बसलाय की. म्हणाले, "ते तुमाला दिसतंय. गावाला दिसत न्हाय."

आषाढात नाना न्हाणीत घसरले. गुडघा भोपळ्याएवढा सुजला. अलिबागच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि पाय जमिनीला लावायचा नाही म्हणून बजावलं. काकींनी ते शब्दशः घेतलं. नाना पलंगावर, काकी दारात पाट टाकून बसलेल्या, हातात लाटणं. मी ऑफिसला निघालो की नाना पलंगावरून विचारायचे, तो कसा हाय? मी आपलं बघून सांगायचो, ठीक आहे. "ठीक मंजे? तुमाला त्यातलं काय कलतंय," ते म्हणायचे आणि भिंतीकडं तोंड करून पडायचे.

पौर्णिमेचं उधाण होतं. दुपारची वेळ, पावसाची झड, मी ऑफिसात एकटा. सरपंच चिखलानं गुडघ्यापर्यंत भरलेला आत घुसला. बूट कुठं गेले होते कोण जाणे.

"भाऊसाहेब, डबा!"

उघाडीच्या झडपेत एक वाहून आलेलं जाळं आणि माडाचा ओंडका असा काही अडकला होता की झडप अर्धवट उघडी राहिली होती. वर भिंत ठामपणे उभी, आणि खालून खाडी गावात शिरत होती. खालची आळी, शाळा, रोपं लावलेली शेतं, सगळं तिच्या वाटेवर. त्यानं दोन-चार फोन लावले होते, पण झडीत कुणाला लागत नव्हते. मी खुर्चीवर चढून डबा काढला. त्यानं तो छातीशी धरला, पंचायतीच्या पायरीवर उभा राहिला आणि हाती लागलेल्या पान्यानं असा बडवला की नानांनीही मान डोलवली असती.

आणि गाव आलं. अख्खं गाव आलं, पण समुद्रासाठी नाही. नानांना शिव्या द्यायला आलं! एवढ्या दिवसांच्या बंदीनंतर म्हाताऱ्यानं पुन्हा वाजवला म्हणून नव्या शिव्या घेऊन, पावसात भिजत, टोपल्या डोक्यावर पालथ्या घालून. "कुठं हाय तो म्हातारा?" करीत पुढं झाले तर समोर सरपंच, अनवाणी, गळ्यात डबा. तोंडातल्या शिव्या तोंडातच राहिल्या. कुणी विचारलं, "तालीम का खरं?" सरपंचानं नुसता उघाडीकडं हात केला.

मग चार पोरं दोर बांधून जाळं कापायला खाली उतरली. बाकीच्यांनी आतल्या बाजूनं उघाडीच्या तोंडाशी आडवा बांध घालायला घेतला, चिकणमाती आणि पेंढा, हातोहात. ही आजवर धावून आलेली माणसं होती, कुणी कुठं उभं राहायचं हे त्यांना सांगावं लागलं नाही. मीही रांगेत होतो. टोपली डोक्यावर घेण्याची माझी ती पहिलीच वेळ, अर्धी माती माझ्या कॉलरमधून आत गेली. ओंडका निघाला, झडप दणका देऊन मिटली, आणि माणसं तिथंच चिखलात बसली आणि हसायला लागली. पाणी खालच्या आळीच्या अंगणांपर्यंत येऊन थांबलं होतं.

तेव्हा कुणाच्यातरी ध्यानात आलं. "अरं, नाना कुठं हाय?"

नाना घरी होते. डबा ऐकल्याबरोबर ते पलंगावरून खाली येऊ पाहत होते आणि काकी लाटणं उगारून उभ्या होत्या. त्यांची खात्री होती की हा यांचाच डाव आहे, पलंगावरून सुटका व्हावी म्हणून कुणालातरी पढवून वाजवायला लावलाय. "खोटं बोलताव," त्या म्हणत होत्या. नाना शपथा घेत होते. ज्या डब्याला गाव फसलं त्या डब्याला एकट्या काकी फसल्या नाहीत, आणि नेमका त्या दिवशी तो खरा होता. अंगणात पाणी दिसलं तेव्हा त्यांच्या हातातलं लाटणं खाली आलं, पण तोवर झडप मिटली होती. मी गेलो होतो, पण भाडेकरू घरातला धरत नाहीत. नानांच्या आयुष्यात पहिल्यांदा त्या घरातून कुणी गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावात वेगळाच उत्साह होता. सरपंचानं झोपलेला कायदा जागा केला. डबा वाजूनही न आलेली दोन-तीन घरं होती. टोपल्या भरल्या गेल्या, मिरवणूक निघाली. मोबाईलच्या दुकानवाल्याच्या उंबऱ्यावर पहिली टोपली पडली. तो लाजून हसत उभा राहिला. मग मिरवणूक खालच्या आळीत आली आणि नानांच्या फाटकाजवळ जरा घुटमळून, माना खाली घालून पुढं निघाली.

नाना दारात खुर्चीवर बसले होते. धुतलेला शर्ट, केस पाण्यानं बसवलेले, प्लास्टरचा पाय समोर पाटावर. मागं काकी पदराला डोळे पुसत उभ्या होत्या. उंबरा नानांनी काकींकडून पहाटेच स्वच्छ धुऊन घेतला होता, ते मी खोलीतून पाहिलं होतं. का धुताहेत ते मात्र मला कळलं नव्हतं.

"अरं, कुठं चाललाव?" नाना ओरडले.

मिरवणूक थांबली. सरपंच पुढं आला. "नाना, तुमचा पाय..."

"पायाचं इचारलं न्हाय. काल या घरातून कोन आलं होतं?"

सरपंच म्हणाला, "जाऊ दे ना, नाना. म्हातारं मानूस तुमी. तुमाला सोडलं गावानं."

मी नानांना समुद्रावर, खेकड्यांवर, माझ्यावर रागावताना पाहिलं होतं. पण त्यांचा चेहरा असा पडलेला कधीच पाहिला नव्हता.

"सोडलं?" ते म्हणाले. "मना सोडलाव? मंग मी गावातला न्हाय का रं आता?"

सरपंचानं त्यांच्याकडं पाहिलं, आणि पहिल्यांदाच बुटांकडं नाही पाहिलं. मग त्यानं मागच्या पोराच्या डोक्यावरची टोपली स्वतःच्या हातात घेतली, फाटक उघडलं, पायऱ्या चढला आणि त्या पिढ्यानपिढ्या कोऱ्या राहिलेल्या उंबऱ्यावर ती पालथी केली. काकींनी पदर तोंडात धरला. सरपंच वाकून नानांच्या पाया पडला, प्लास्टरच्या पायाला हात न लावता, दुसऱ्या.

"कोनी वाजवला होता रं काल?" नानांनी विचारलं.

"मी."

"बरा वाजवलास," नाना म्हणाले. "जरा सावकाश वाजवत जा. डबा जुना हाय."

मला ऑफिसला उशीर होत होता. मी चपला हातात घेऊन त्या चिखलावरून उडी मारली आणि फाटकातून मागं वळून पाहिलं. पाऊस थांबून ऊन पडलं होतं, रस्त्यानं येणारे-जाणारे थांबून बघत होते आणि नाना प्रत्येकाला हाक मारून उंबरा दाखवत होते. काकींनी दोनदा बादली आणली, दोन्ही वेळा नानांनी परत पाठवली. संध्याकाळी मी परत आलो तेव्हा दिवे लागून बराच वेळ झाला होता, आणि चिखल अजून तिथंच होता.